राजाचा अंगठा आणि चहाची गोळी

पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक नाटकात प्रॉम्प्टरना राजाची भूमिका मिळाली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याने बंड पुकारलं.

प्रॉम्प्टर हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. पण खात्यात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही, आणि हळूहळू बिल्डिंगमधलेही तेच म्हणायला लागले होते. दिवसा ते तक्रार खिडकीवर बसत. नळाला दाब येत नाही म्हणून कुणी आलं की त्याचं शांतपणे ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि 'बघू' म्हणायचं, हे त्यांचं काम. आणि दर वर्षी नाटकाच्या हंगामात विंगेतल्या स्टुलावर बसून लोकांना त्यांची त्यांची वाक्यं पुरवायची, ही त्यांची हौस. राजा व्हायचे ते भांडारातले जाडजूड कारकून. टाळ्या त्यांना, फोटो त्यांचा, आणि 'प्रजाजनहो' नंतर काय म्हणायचं ते मात्र दर वर्षी विंगेतून प्रॉम्प्टरच सांगायचे. इतकी वर्षं त्या अंधारात बसून त्यांना आता डास आवाजावरून ओळखता येत.

यंदा भांडारवाले निवृत्त झाले. नाटक लिहिणारे आणि बसवणारे डायरेक्टर म्हणजे खात्याच्या नकाशा विभागातले एक दाढीवाले गृहस्थ. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ज्याला सगळी वाक्यं पाठ आहेत असा या खात्यात एकच माणूस आहे. त्यालाच राजा करू."

प्रॉम्प्टर त्या दिवशी घरी आले ते चालत आले की तरंगत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकोने त्यांचा चेहरा बघून विचारलं, "बढती?"

"त्याहून मोठं," ते म्हणाले.

भूमिकेत एकच जागा खरी जोखमीची होती, आणि तीच सगळ्या नाटकाचा प्राण होती. शेवटच्या प्रवेशात राजा म्हणतो, 'ज्या आसनावर बसून मला माझी माणसं दिसत नाहीत, ते आसन मला नको,' आणि सिंहासनाला सणसणीत लाथ मारून ते उलथवतो. सिंहासन म्हणजे जुन्या मुख्य अभियंत्यांची मोडीत काढलेली लाकडी खुर्ची, वर सोनेरी कागद. खुर्ची अशी की उचलायला दोन माणसं लागत. त्या काळी खुर्च्या आणि मुख्य अभियंते दोन्ही भक्कम असायचे.

लाथ उजव्या पायाची होती. डायरेक्टरांनी ती नकाशासारखी आखून दिली होती. आणि ती जमली नाही तर काय, याचीही सोय त्यांनी करून ठेवली होती: अकाउंट्समधला हिरो. याला हिरो म्हणत ते त्याच्या केसांमुळे. नाटकात तो प्रधान होता, पण राजाची वाक्यंही त्याने पाठ केली होती. "सहज, वेळेला असावीत म्हणून," असं तो प्रॉम्प्टरना सांगायचा आणि त्यांच्या पायांकडे बघायचा.

अशा वेळी एका पहाटे प्रॉम्प्टर जागे झाले ते अंगठ्यात कुणीतरी तापलेला दाभण खुपसल्यासारखी कळ येऊन. दिवा लावून पाहिलं तर अंगठा लालबुंद, तुळतुळीत आणि दुप्पट झालेला. त्यावर पातळ चादरीचं टोक टेकलं तरी त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघे की बायकोला वाटलं, तालीम चालली आहे.

"अहो, हळू. भूमिकेत किती शिराल," ती कुशीवर वळत म्हणाली.

सकाळी निदान करायला आधी शेजार आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना निवृत्त झाल्यापासून कुणी सही मागत नाही आणि त्यामुळे जे हल्ली मत देतात, ते म्हणाले, "मुरगळलाय. बर्फ लावा." समोरच्या काकू म्हणाल्या, "बर्फ चुकूनसुद्धा नको, शेक द्या." प्रॉम्प्टर भिडस्त माणूस. त्यांनी मॅनेजर असताना बर्फ लावला आणि काकू आल्या की शेक घेतला. अंगठ्याचा गोंधळ उडाला असेल, पण तो काही बोलला नाही, नुसता ठणकत राहिला.

शेवटी बायकोने त्यांना रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी अंगठा लांबूनच पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा भाव आला. रक्तदाब तपासला, तो चांगला निघाला. मग त्यांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"औषध?" प्रॉम्प्टर दुखऱ्या पायासकट ताठ झाले. "छे. आपण कुठलंच औषध घेत नाही."

"दाब, साखर, काही?"

"काहीही नाही," बायको अभिमानाने म्हणाली. "यांची प्रकृती उत्तम आहे. फक्त हा अंगठा."

दोघंही खोटं बोलत नव्हती, हे इथेच सांगून टाकायला हवं. सकाळच्या चहाच्या बशीत, कपाच्या शेजारी, रोज एक गोळी असायची हे खरं. ती जुन्या घराजवळच्या कुणा डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी दिलेली होती. ते डॉक्टर गेले, ते घर सुटलं, पण गोळी राहिली. तिची पाकिटं चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवलेली असत आणि महिन्याचं सामान आणताना साखर, चहा, गोळी असं एका दमात सांगितलं जाई. घरात तिला चहाची गोळी म्हणत. औषध म्हणजे आजारी माणूस घेतो ते. ही चहाबरोबर घ्यायची वस्तू होती आणि तिचा डॉक्टरांशी संबंध असू शकतो, हे त्या घरात कुणाच्या मनालाही शिवलं नव्हतं.

रक्त तपासलं. युरिक ॲसिड चांगलंच वर गेलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी सूज उतरायची औषधं दिली आणि सांगितलं, "मांसमच्छी, दारू, विशेषतः बिअर, बंद. पाणी भरपूर प्या. बाकी बेतानं सगळं खा. आपण कारण शोधू."

"अहो, पण मी यातलं काहीच..." प्रॉम्प्टर म्हणाले. तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

इथून त्यांच्या खऱ्या हालांना सुरुवात झाली, कारण अंगठ्याचं दुखणं गोळीने उतरतं, पण अब्रूच्या दुखण्यावर औषध नाही. युरिक ॲसिड म्हणजे काय हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजर जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "राजेशाही आजार हा. खाणंपिणं सढळ असलं की होतो. पण तुम्ही बसता कुठे हो? कुणाबरोबर?"

"मी बसत नाही," प्रॉम्प्टर म्हणाले. "मी आयुष्यात बिअरचा वाससुद्धा..."

"माझ्याकडून कुणाला कळायचं नाही," मॅनेजर म्हणाले आणि वर जाऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं.

चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंनी मुक्काम वाढवला. त्या नुसत्या बघत. जावई ऑफिसातून आला की त्या जवळून जात आणि जाता जाता श्वास आत ओढून घेत. प्रॉम्प्टरांना ते समजत होतं. तक्रार खिडकीवर आयुष्य काढलेल्या माणसाला, समोरचा आपल्यावर विश्वास ठेवत नाही हे लगेच कळतं, कारण एरवी ते काम तोच करत असतो.

ऑफिसात तऱ्हा निराळीच. तिथे त्यांची किंमत वाढली. हा गरीब दिसणारा माणूस संध्याकाळी कुठेतरी जाऊन मजा करतो, हे कळल्यावर तरुण मुलं त्यांच्याशी अदबीने बोलायला लागली. खुद्द साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब नेहमीसारखे टेबलाखालच्या स्टुलावर उजवा पाय टाकून बसले होते. ऑफिसभर बुटांची सक्ती असताना साहेब मात्र उघड्या सँडल घालत, आणि मोठ्या माणसाची ऐट म्हणून सगळे ते मनोमन मान्य करत. साहेब म्हणाले, "जपून घ्या हो. आपल्या वयाला झेपेल तेवढंच." आणि त्यांनी चक्क डोळा मिचकावला. प्रॉम्प्टर बाहेर आले तेव्हा त्यांना रडू यायचं बाकी होतं. ज्या मजेची बदनामी आपण भोगतो आहोत, ती निदान एकदा तरी केलेली असायला हवी होती, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

बुटांचंही एक प्रकरण झालं. सुजलेला अंगठा बुटात जाईना, म्हणून त्यांनी आस्थापना विभागाकडे अर्ज केला की उजव्या पायात चप्पल घालायची परवानगी मिळावी. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"डाव्या पायात काय घालणार?"

"बूट. डावा पाय चांगला आहे."

"मग अवघड आहे. नियमात पादत्राणं जोडीने धरलीत. दोन्ही पायांना सूट मागा, उद्या देते. एका पायाची तरतूद नाही."

"पण डावा पाय दुखत नाही, तर त्याला सूट कशाला मागू? खोटं होईल ते."

"बघा बाई," त्या म्हणाल्या. "मी पुढे पाठवते. बघू."

'बघू' या शब्दाचा अर्थ प्रॉम्प्टरांइतका त्या इमारतीत कुणाला माहीत नव्हता. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि दोन्ही पायांत बूट घालून, उजव्याची टाच मोडून, खिडकीवर जाऊन बसले.

आपलं चारित्र्य सिद्ध करायचा एकच मार्ग त्यांना दिसत होता: खाणं इतकं कमी करायचं की युरिक ॲसिडला यायला जागाच राहू नये. डॉक्टरबाईंनी बेतानं खा म्हटलं होतं, पण बेत ठरवायला बिल्डिंग समर्थ होती. मॅनेजरांनी डाळी बंद केल्या. काकूंनी पालक, टोमॅटो, वाटाणा, फ्लॉवर काढून टाकले. मेहुण्याने फोनवरून दही आणि शेंगदाणे वर्ज्य केले, त्याचा संबंध काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मीही सोडलेत. फरक पडतो." हळूहळू ताटात उकडलेला भोपळा आणि मूठभर भात एवढंच उरलं, आणि पुढे भातावरही मॅनेजरांची वक्रदृष्टी पडली. काही दिवस तर प्रॉम्प्टर दुपारी नुसतं पाणी पिऊन राहिले. बायको रागावली. "असं उपाशी राहून काय होणार आहे?"

"अब्रू वाचणार आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

अब्रू वाचली नाहीच, वर राजाचा अंगरखा खांद्यावरून घसरायला लागला. आणि एका सकाळी अंगठा पुन्हा फुगला, पहिल्यापेक्षा जास्त. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड खाली यायच्या ऐवजी आणखी वर चढलेलं. मॅनेजरांनी रिपोर्ट वाचून दाखवला आणि म्हणाले, "म्हणजे अजून सुटलेली नाही तर."

त्या दिवशी प्रॉम्प्टर खरोखरच खचले. आता काढून टाकायला ताटात काही उरलंच नव्हतं. काकूंना मात्र सुचलं. "चहा," त्या म्हणाल्या. "चहाच आहे याच्या मुळाशी. माझ्या नणंदेच्या दिरांनी चहा सोडला आणि पळायला लागले."

प्रॉम्प्टरांनी चहा सोडला. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा त्याग होता. राजा नाटकात राज्य सोडतो, पण त्याला चहा सोडायला लावण्याइतके डायरेक्टर निर्दय नव्हते. आणि चहा बंद झाला तशी बशी बंद झाली, आणि बशीतली गोळीही बंद झाली. ती वेगळी आठवायची काही गोष्टच नव्हती.

थोडे दिवस बरे गेले. मग त्यांचं डोकं जड व्हायला लागलं. कानात सू सू असा आवाज यायला लागला, नळाला हवा यावी तसा. तालमीत लाथेच्या जागी पाय उचलायचा तर अंगठ्याच्या नुसत्या आठवणीने ते सिंहासनाला हाताने ढकलू बघत, आणि मुख्य अभियंत्यांची खुर्ची तसूभर हलत नसे. डाव्या पायाने मारून पाहिली, तर सगळा भार उजव्यावर आला आणि राजा सिंहासनाच्या पायाशी बसला. डायरेक्टर म्हणाले, "तुम्ही सिंहासन सोडताय, त्याची माफी मागत नाही आहात."

आणि मग ते घडलं. 'प्रजाजनहो' असं म्हणून प्रॉम्प्टर थांबले. डोक्यात घण बसत होते. पुढचं वाक्य येईना. साऱ्या खात्याला ज्यांनी वाक्यं पुरवली, त्यांना विंगेतून हिरोने वाक्य पुरवलं, आणि तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

डायरेक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "रंगीत तालमीपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "तेव्हा लाथ बसली तर तुम्ही. नाहीतर हिरो. तुम्ही पुन्हा विंगेत बसा, तिथे तुमच्यासारखा कुणी नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. प्रॉम्प्टर घरी आले आणि बूट न काढता कॉटवर पडले. त्यांना ते स्टूल दिसायला लागलं, आणि ते डास.

"मला एकदाच उजेडात उभं राहायचं होतं गं," ते बायकोला म्हणाले. "एकदाच. फार नव्हतं मागितलं."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावला, आपली पर्स घेतली आणि म्हणाली, "उठा. डॉक्टरबाईंकडे. आणि या वेळी मॅनेजर नाहीत, काकू नाहीत, मी बोलणार."

डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली आणि पुन्हा सोडली. "तुम्हाला दाबाचा त्रास आहे?"

"नाही हो."

"कधीच नव्हता?"

"पूर्वी होता म्हणे. पण गोळी सुरू झाल्यापासून नाही."

डॉक्टरबाईंनी पट्टा हळूच सोडवला. "कुठली गोळी?"

"चहाची," प्रॉम्प्टर म्हणाले. एवढ्या शिकलेल्या बाईंना एवढं कसं कळत नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"चहा सोडला ना यांनी, तेव्हापासून बंद आहे ती," बायको म्हणाली आणि मग तिचाच आवाज खाली आला. नवऱ्यापेक्षा ती एक पाऊल पुढे होती. तिने पर्स उघडली. सकाळी चहापत्तीचा डबा आवरताना तिने ते पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं होतं, मेडिकलवाल्याला परत घेतोस का म्हणून विचारायला. ते तिने टेबलावर ठेवलं.

डॉक्टरबाईंनी पाकीट वाचलं. चष्मा काढला. दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या रडत नाहीत हे कळायला प्रॉम्प्टरना थोडा वेळ लागला.

"मी पहिल्या दिवशी काय विचारलं होतं?" त्या शेवटी म्हणाल्या.

"औषध काय घेता," प्रॉम्प्टर म्हणाले. "पण हे..." आणि ते थांबले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्या पाकिटाकडे पाकीट म्हणून पाहिलं.

"या एका गोळीत दोन औषधं आहेत," डॉक्टरबाई समजावू लागल्या. "एक दाबाचं. दुसरं शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं, त्यानेही दाब उतरतो. औषध चांगलं आहे, पुष्कळांना लागतं. पण ते चालू असलं की काहींच्या बाबतीत मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायचं सोडून परत आत घेतात. तुमच्या अंगठ्यात साठत होतं ते हे."

"म्हणजे बिअर नाही?"

"घेता?"

"नाही हो. मी आल्यापासून तेच सांगतोय."

"मग बिअर नाही."

प्रॉम्प्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाईने त्यांच्यावर एकदाही संशय घेतला नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"आणि डाळ? टोमॅटो? भोपळा?"

"भोपळ्याने काय बिघडवलंय? डाळीने आणि भाज्यांनी एवढं काही होत नाही. उलट तुम्ही उपाशी राहिलात त्यानेच ते आणखी वाढलं. शरीर उपाशी राहिलं की युरिक ॲसिड चढतं. आणि दाबाची गोळी अशी एकदम थांबवलीत, हा तर सगळ्यात मोठा शहाणपणा. तालमीत तुमचं नुसतं वाक्य विसरलं म्हणता, ते नशीब, आणखी काही झालं असतं म्हणजे?" त्यांनी कागद ओढला. "गोळी बदलू. दाबाची अशीही औषधं आहेत, जी युरिक ॲसिड वाढवत नाहीत. एक तर ते थोडं उतरवतंच. ही नवी रोज, न चुकता. सूज उतरायचं औषध वेगळं. नीट जेवायचं. आणि चहा घ्या हो. चहाने तुमचं काय वाकडं केलं?"

प्रॉम्प्टर दारापर्यंत गेले आणि वळले. "एक विनंती होती. लिहून मिळेल का? की कारण औषध आहे म्हणून."

"कुणाला दाखवायचंय?"

"बिल्डिंगला."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, आणि खाली, कुणी न सांगता, एक ओळ वाढवली: 'पेशंट मद्यपान करत नाहीत.' शिक्काही मारला.

तो कागद प्रॉम्प्टरांनी जिन्याच्या फलकावर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी लावला. मॅनेजर तो वाचायला थांबले आणि बराच वेळ वाचत राहिले. "हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते शेवटी म्हणाले. "औषधंच वाईट हल्लीची." सासूबाईंनी मुलीकडून तो दोनदा वाचून घेतला. रात्रीच्या जेवणात डाळीची वाटी जावयासमोर ठेवताना त्यांनी ती काठोकाठ भरली होती, आणि या वेळी श्वास आत ओढला नाही.

नवी गोळी पुन्हा चहाच्याच बशीत येऊ लागली, पण आता बायको ती ठेवताना म्हणायची, "औषध." प्रॉम्प्टर म्हणायचे, "हो, औषध." मग ते घ्यायचे. डोकं हलकं झालं. कानातला नळ बंद झाला. अंगरखा खांद्यावर टिकायला लागला. अंगठा दिवसागणिक लहान होत गेला आणि एका सकाळी चादर त्याच्यावरून सरकली तरी तो गप्प राहिला. प्रॉम्प्टरनी तो हलवून पाहिला. मग दिवाणखान्यात जाऊन सोफ्याला हळूच एक लाथ मारली. मग जरा जोरात. आतून बायको म्हणाली, "तालीम का?" आणि त्यांच्या आयुष्यात इतकं गोड वाक्य कुणी बोललं नव्हतं.

रंगीत तालमीत लाथ बसली. खुर्ची डुगडुगली आणि आडवी झाली. हिरोने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

प्रयोगाच्या दिवशी नवीच अडचण उभी राहिली. राजाचे बूट भांडारवाल्यांच्या मापाचे होते; डावा नाडी आवळून भागला, पण प्रॉम्प्टरांची सूज पार उतरल्यामुळे उजवा बूट पायात खुळखुळत होता. तेवढ्यात आस्थापना विभागाचा शिपाई रंगपटात एक पाकीट घेऊन आला. आत आदेश होता: अर्जदारास उजव्या पायापुरती, डाव्या पायास कोणताही हक्क न पोहोचता, तात्पुरती सूट मंजूर करण्यात येत आहे. कागद चांगला जाड होता. प्रॉम्प्टरनी त्याची घडी घातली आणि बुटाच्या टोकात कोंबली. बूट चपखल बसला. खात्याचा एखादा आदेश इतका वेळेवर उपयोगी पडल्याचं त्यांच्या नोकरीत दुसरं उदाहरण नव्हतं.

पडदा उघडला. उजेड डोळ्यांवर आला आणि समोरचं सगळं नाहीसं झालं. "प्रजाजनहो," प्रॉम्प्टर म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलं. त्याच्या पुढचंही आलं. विंगेतल्या स्टुलावर डायरेक्टर स्वतः बसले होते. त्यांना नाटकभर डास मारण्यापलीकडे काही काम उरलं नाही. राजा हसला तेव्हा प्रेक्षक हसले, आणि राजा गप्प झाला तेव्हा खोकल्याचाही आवाज आला नाही.

शेवटचा प्रवेश आला. प्रॉम्प्टर सिंहासनासमोर उभे राहिले. "ज्या आसनावर बसून मला माझी माणसं दिसत नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांना एकदम मॅनेजर आठवले, साहेबांचा डोळा आठवला, तो उकडलेला भोपळा आठवला. "ते आसन मला नको."

आणि त्यांनी लाथ मारली.

ती नकाशात आखलेली लाथ नव्हती. मुख्य अभियंत्यांची खुर्ची उलथली, सोनेरी कागद फडफडत रंगमंचावरून घसरत निघाली, कडेवर क्षणभर थांबली आणि पहिल्या रांगेसमोर धाडकन पडली. पहिल्या रांगेत साहेब बसले होते, उजवा पाय ऐटीत पुढे पसरून. खुर्ची त्यांच्या सँडलपासून वीतभर अंतरावर थांबली. साहेबांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मागच्या प्रेक्षकांना तो प्रजेचा आक्रोश वाटला आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो थांबता थांबेना. सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मॅनेजर शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्याच बिल्डिंगमधले."

प्रॉम्प्टर रंगपटात येऊन बसले. अंगठा दुखत नव्हता. त्यांनी तो बुटातल्या बुटात हलवून खात्री करून घेतली. बायको शेजारी उभी राहून अंगरख्याचे बंद सोडवत होती, तेवढ्यात दारात साहेब दिसले. हिरोने हातातला कंगवा खाली ठेवला. साहेबांच्या पायावर जवळजवळ सिंहासन पाडणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे सगळ्यांनाच बघायचं होतं.

"तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा," साहेब म्हणाले. "मिसेस राहू देत."

सगळे गेले. साहेबांनी दार लोटलं, लंगडत आले, आणि कुणी न सांगता स्टुलावर बसून उजवा पाय दुसऱ्या स्टुलावर टाकला. सँडल काढली. अंगठा लालबुंद, तुळतुळीत आणि दुप्पट होता.

प्रॉम्प्टरना तो लगेच ओळखू आला.

"किती दिवस?" त्यांनी हळूच विचारलं.

"वर्षं झाली," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज केबिनमधला नव्हता. "येतो, जातो. थेंबालाही शिवत नाही हो मी. पण सांगायचं कुणाला? लोक हसतात. तेव्हा तुम्हाला डोळा मिचकावला, तो आपल्यासारखाच कुणी भेटला, या आनंदात. आज तुम्ही त्या खुर्चीला जी लाथ हाणलीत ना, ती बघून म्हटलं, यांना विचारायचंच. काय केलंत तुम्ही? काय सोडलंत?"

"काही सोडू नका," प्रॉम्प्टर म्हणाले. मुकुट अजून डोक्यावर होता आणि तो काढायची त्यांना घाई नव्हती. "उद्या सकाळी तुम्हाला आमच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन जातो. त्या आधी एक सांगा. कुठली औषधं चालू आहेत?"

साहेब दुखऱ्या पायासकट ताठ झाले. "औषध? छे. मी कुठलंच औषध घेत नाही."

इतक्या वर्षांच्या सवयीने प्रॉम्प्टरनी पुढचं वाक्य पुरवायला तोंड उघडलं. पण बायकोला ते केव्हाचं पाठ होतं.

"आणि चहाबरोबर, साहेब?" तिने विचारलं.

"चहाबरोबर होय," साहेब म्हणाले. "चहाबरोबर घेतो की एक."